आईचा महिना

आपिया
४ ऑगस्ट

प्रिय लेमेकीदादा,

तू बरा असशील असं धरून लिहिते. आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण चर्चमध्ये बोलायला उभे राहिले की त्यांचा थांबतो आणि ऐकणाऱ्यांचे दुखायला लागतात. वारा सुटलाय, धूळ फार आहे, पिठाची पोती झाकून झाकून वैताग आलाय. आई जरा थकल्यासारखी दिसते. उन्हाचं असेल.

हे पत्र तिमोतेओ आणतोय, शेजारच्या पेनिआमिनाचा मधला मुलगा. तिकडे परदेशी, तुमच्या गावात संत्री तोडायच्या कामावर येतोय. तुझा फोन लागत नाही, लागला तर तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. हातात दिलेला कागद तरी तुला बंद करता येणार नाही.

कामाचं सांगते. आपली लाकडाची भट्टी आता तीन ठिकाणी फुटली आहे. पेलेनाटो रोज सकाळी तिला माती लिंपतो आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा फुटते. गोदीजवळ नवी बेकरी निघालीय, कापलेला पाव प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात. गावोगावचे दुकानदार आपल्या तोंडावर आपलाच पाव चांगला म्हणतात आणि पाठ फिरली की त्यांचा घेतात. मी अकरा वर्षं ऑकलंडमध्ये बसून दुसऱ्यांच्या कंपन्यांचे आराखडे केले. कुणी दूध विकत होतं, कुणी ट्रक चालवत होतं. आपल्या बेकरीचा केला तेव्हा उत्तर यायला एक दुपार लागली. आहे तसं चालवलं तर पुढच्या वर्षी कुलूप लावायचं. कर्ज काढून नवी भट्टी आणली तर वाचतो. आपल्याकडे काम करणारी चौदा माणसं आहेत, तू बहुतेकांना नावाने ओळखतोस.

मग पाच वर्षांचा आराखडा घेऊन मी बँकेत गेले. तिथला अधिकारी तुइलोमा, आपल्याच पलीकडच्या गावचा. त्याने सगळा बघितला, शेवटपर्यंत. मग चष्मा काढून म्हणाला, "ताई, काम सुरेख आहे. पण ह्यात कुणी मरत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"पाच वर्षं धरलीत. तुमचे वडील मताई, घराण्याचे मुखत्यार. एवढ्या मोठ्या घराण्यात पाच वर्षांत एक मयत नाही, एक लग्न नाही, कुणाला मताईची पदवी नाही, चर्चचं छप्पर नाही. पिठाचा भाव तुम्ही महिन्यामहिन्याला धरलाय. हे कुटुंब सामोआत राहतं की चंद्रावर?"

मी सांगितलं की बँका हा खर्च घरगुती मानतात, धंद्यात धरत नाहीत. तो म्हणाला, "मी कर्ज दिलेले तीन धंदे मागच्या वर्षी बुडाले. गिऱ्हाईक नाही म्हणून एकही बुडाला नाही. घरात मोठी मयत आली आणि गल्ल्यातला पैसा भेट द्यायच्या चटयांना, बैलांना, डबाबंद मासळीच्या खोक्यांना गेला. तुम्ही फाआलावेलावेची ओळ घाला. कोण, कधी, केवढं. मग मी सही करतो."

तुला माहीत आहेच, आपल्याकडे मयत, लग्न, अडल्यानडल्याला लागतं ते सगळं ह्या एका शब्दात मावतं. पण कोण आणि कधी हे शीटमध्ये लिहायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

रविवारी चर्चनंतर सगळे जेवायला बसले असताना मी विषय काढला. बाबांना वाटलं मला वेड लागलंय. मोसेकाकांना मात्र भलताच रस.

"मला कुठे टाकलंस गं?"

"तिसऱ्या वर्षात, काका. नुसता अंदाज."

"आणि आसोफा? तुझा तो लंगडा मामा?"

"पाचव्या."

"का? माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे तो."

"तो दारू पीत नाही."

आईने हसून हसून ओंजळीत तोंड लपवलं. काका म्हणाले, "बरं, तिसरं तर तिसरं. पण माझ्या नावावर दोन बैल धर. एकावर भागवलंस तर वर येऊन बसेन तुझ्या मानगुटीवर." मग बाबांनी विचारलं, आईचा महिना कुठे आहे. मी म्हटलं, ती जागा अजून रिकामी आहे. आईने नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचं, पालुसामीचं भांडं पुढे सरकवलं.

दादा, तुझ्या नावाचीही एक ओळ आहे, जमेच्या बाजूला. फेब्रुवारीपासून तिथे काही आलेलं नाही. बाबा अजून लोकांना सांगतात, लेमेकीचे येतात दर महिन्याला. मी त्यांना खोटं पाडलेलं नाही. पण मला आकडा सांग. शून्य असेल तर शून्य कळव, शून्य धरून मला आराखडा करता येतो. काहीच माहीत नसलं की हात थांबतात.

आई विचारते, जेवणाची हेळसांड करत नाहीस ना. मी 'नाही करत' म्हणून सांगून टाकलंय.

तुझी,
मासिना


आपिया
१५ सप्टेंबर

प्रिय दादा,

खुशाली विचारत नाही, कारण ती तिमोतेओकडून कळली. पत्र तू घेतलंस, न फोडता खिशात घातलंस आणि त्याला रग्बीचं विचारलंस. आणखीही एक त्याने सांगितलं. मांसाच्या कारखान्यात मशीनमध्ये तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, फेब्रुवारीत. तेव्हापासून तू तिथे झाडू मारतोस आणि तेही रोज मिळत नाही. सात महिने हे आम्हाला कळू दिलं नाहीस. मी चिडले, मग रडले, मग पुन्हा चिडले. पैसे आले नाहीत म्हणून मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले, ते आता तुझ्यासमोर उच्चारायचीही लाज वाटते.

आईला सांगितलेलं नाही. तिच्याजवळ सध्या तिचंच पुरेसं आहे.

मागच्या पत्रात मी ऊन म्हणून लिहिलं होतं. ऊन नव्हतं, दादा. तेव्हा मला माहीत होतं. आईच्या यकृतात गाठी आहेत, बऱ्याच. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी फोटो बघून तेच सांगितलं. ख्रिसमस बघेल की नाही शंका आहे. मी तुला का कळवलं नाही ते सांगते. कळवलं असतं तर तू कर्ज काढून, खोकी भरून, घराण्याच्या थोरल्याला शोभेल असा आला असतास. किंवा आला नसतास. दोन्ही मला बघवलं नसतं.

ती रिकामी जागा मी भरली.

बँकेने हो म्हटलंय. पहिले सहा महिने हप्ता नाही, एप्रिलपासून सुरू. तारण म्हणून बेकरीखालची जमीन. ती आजोबांनी विकत घेतलेली असल्याने तारण देता येते. मी आईच्या ओळीत डिसेंबर टाकला. बाबा म्हणतात तेवढी मोठी मयत धरली, चटया, बैल, माहेरच्यांची परतफेड, सगळं. धंदा तगला. मार्च टाकला, जेमतेम तगला. मे टाकला तेव्हा हप्ते सुरू झालेले होते आणि दोन महिन्यांत शीट लाल झाली. म्हणजे जमीन बँकेची, भट्टी बँकेची, चौदा माणसं घरी. पुन्हा डिसेंबर टाकला, पुन्हा मे. दुपारभर मी पिठाच्या कोठीत बसून आईला महिन्यांमधून पुढे-मागे सरकवत होते.

ती कोकोचा कप घेऊन आली आणि पोत्यावर टेकली. आता चालताना तिला धाप लागते. म्हणाली, "मला कुठल्या महिन्यात टाकलंस?"

"काहीतरीच काय, आई."

"मोसेला भर पंगतीत सांगितलंस. मला सांगायला लाजतेस?"

"डिसेंबर," मी म्हटलं.

"आणि सोयीचा कुठला?"

मी शीट खाली-वर सरकवत राहिले. ती थांबून राहिली. तिच्यापुढे किती वेळ टाळता येतं तुला माहीत आहे. शेवटी मी म्हटलं, डिसेंबर चालतो.

"नाताळच्या आठवड्यात नको हं," ती म्हणाली. "त्या आठवड्यात तिप्पट माल जातो. तो गेला की मग." मग माझ्या डोक्यावरचं पीठ झटकून उठली. दादा, ती चेष्टा करत नव्हती. ही बेकरी तिने बाबांच्या आधीपासून चालवलीय, तिला विक्रीचे आठवडे तोंडपाठ आहेत.

त्याच दिवशी जेवताना तिने बाबांना सांगितलं, माझी मयत साधी करा. एक दिवस, एक प्रार्थना, चटया कुणाच्या घ्यायच्या नाहीत आणि कुणाला द्यायच्या नाहीत. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"उभं आयुष्य मी लोकांच्या मयतींना चटया नेल्या. आणि माझ्या बायकोला पिठाच्या पोत्यात गुंडाळून पुरू?"

"पोती धुतलेली असतात आपली."

"थट्टा नको. तुझ्या माहेरचे सवाईई बेटाहून बोट भरून येतील. त्यांना परत पाठवताना हातात काय देऊ? पाव?"

"चांगला असतो आपला पाव," आई म्हणाली.

बाबा उठून बाहेर गेले. त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. तुझ्या-माझ्या लग्नांना, आजीच्या मयतीला ज्यांनी चटया आणल्या, त्यांच्यापुढे ते कुठल्या तोंडाने हात वर करतील? हे कुणा एकाच्या हट्टाचं नाही. पुढच्या आठवड्यात ते कर्जावर सही करणार आहेत, मोठ्या मयतीसकट. डिसेंबर गाठला तर निभावतं, असं मीच त्यांना सांगितलंय.

वाचलंस तर दोन ओळी लिही. डाव्या हाताने लिहिलंस तरी मला वाचता येईल.

तुझी,
मासिना


आपिया
२० ऑक्टोबर

दादा,

आई बरी आहे.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय आणि त्याचं कारण तुला सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही. दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

मुलांचा रविवार झाला. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, बायबलमधली वचनं घोकलेली, निम्मी मध्येच विसरलेली. आई म्हणाली, मला न्या. आम्ही तिला खुर्चीवरून नेलं. परत आल्यावर रिवाजाप्रमाणे आधी मुलं जेवली, मोठ्यांनी त्यांना वाढलं. नंतर आईने ताट मागितलं. तारोचे कंद, डुकराचं मांस, पालुसामी दोनदा घेतली. सहा आठवडे पेजेवर असलेली बाई. पाहुणे म्हणाले, देवाने ऐकलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी भांडं हातात घेऊन उभी होते आणि मनात महिने मोजत होते.

आनंद नाही झाला. मला भीती वाटली, ती मेपर्यंत जगली तर काय.

भट्टी जहाजावर चढलीय. सही झालीय. एप्रिलमध्ये हप्ता. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, नव्या गोळ्या लागू पडल्यात, कदाचित ईस्टरही बघेल, त्याच्या पुढेही, सांगता येत नाही. बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी घरी येऊन आधी शीट उघडली. माझी आई जगणार म्हणून डॉक्टरने सांगितलं आणि मी आधी शीट उघडली, दादा. तेव्हापासून ती खोकली की मी कान टवकारते. झोपली की श्वास ऐकते, आणि कशासाठी ऐकते ते मला धड सांगता येत नाही. ती भूक लागली म्हणाली की मी लगबगीने वाढते आणि आत काहीतरी मोजत असते. मी वाईट मुलगी नाही. निदान नव्हते.

तिला कळलं. तीन दिवसांपूर्वी तिचे केस विंचरत होते, तर आरशात बघून म्हणाली, "त्या दिवशी मी जेवत होते तेव्हा तू मोजत होतीस."

मी खाली बसले. तिच्या मांडीत डोकं घालून रडले, लहान पोर रडतं तशी. ती म्हणाली, "तुला दोष नाही देत मी. तुझे आकडे बरोबर आहेत. पण त्यात माझं जगणं महाग पडतंय, ते महाग पडणं काढून टाकायला हवं." मग विचारलं, "लेमेकीच्या हाताला काय झालंय?"

तिला कसं कळलं ते विचारू नकोस. पेनिआमिनाच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. मी सगळं सांगितलं. आईने कंगव्यातले केस काढून गुंडाळले. वाटलं, कोसळेल. तर म्हणाली, "म्हणजे त्याच्याकडे आणायला काही नाही."

"काही नाही, आई. म्हणून तर येत नाही."

"मग त्याला बोलाव. काहीच न आणता येऊ दे."

आधी मला समजलं नाही. तिने पावाचा हिशोब समजावतात तसं समजावलं. तू थोरला. तू विमानतळावरून खोकी घेऊन आलास की मयतीत मामा चढाओढीने त्याच्यावर एक बैल ठेवणार, मोसेकाका दोन, आणि बाबांना सगळ्यांना परत करावं लागणार. पण तू दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, हात हलवत गावातून चालत घरी आलास आणि बाबांनी तुला जवळ घेतलं, तर कोण पुढे येऊन तुझ्या डोक्यावर बैल ठेवेल? आसोफामामा भांडकुदळ आहे, पण भाच्याचं नाक कापणारा नाही. आणि हे आई असताना व्हायला हवं. ती ओट्यावर बसलेली असताना. मग बाबांनी त्याच वेळी सगळ्यांना सांगायचं, ह्या घरात आता चटया येणार नाहीत आणि जाणार नाहीत.

मी बाबांना सांगितलं. ते दोन दिवस मला टाळून पहाटेच घराबाहेर पडत होते. आज दुपारी फुटक्या भट्टीपाशी आले, पेलेनाटोला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "मी एकटा उभा राहून चटया नकोत म्हणालो तर लोक मला कंजूष म्हणतील, आणि ते मला सोसणार नाही. मी तसा माणूस नाही. पोरगा शेजारी उभा असेल तर सोसेन." जाता जाता वळून म्हणाले, "त्याला सांग, बिस्किटाचा पुडासुद्धा नको. त्याच्या हातात पुडा दिसला तर माझा धीर सुटेल." मग तुझ्या कुठल्या हाताची बोटं गेली ते विचारलं आणि तोंड फिरवलं.

पत्रासोबत तिकीट आहे. व्हॅनचे टायर पुढे ढकलले, त्यातून काढलंय. मला माहीत आहे तुला काय वाटेल. इतकी वर्षं परदेशी राहिलेला थोरला मुलगा, तुटका हात घेऊन, एक पिशवीसुद्धा न घेता त्या रस्त्यावरून चालणार, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसलेली असणार. ह्याच्यापेक्षा मोठं काही मी तुझ्याकडे कधी मागितलेलं नाही. पैसे मागितले असते तर सोपं होतं.

पण दुसरा रस्ता नाही, दादा. मी सगळे आकडे बदलून बघितले. पिठाचा भाव, पावाचा भाव, माणसं कमी करणं. बँकेत जाऊन तुइलोमाकडे मुदतवाढ मागितली. तो म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर तुमच्या आईला दहा वर्षं दिली असती." त्याच्याही हातात नाही. फक्त तू आलास तर बदलतं. मयत साधी झाली की ती कुठल्याही महिन्यात झाली तरी बेकरीला धक्का लागत नाही. पुढच्या मेमध्ये, त्याच्या पुढच्या मेमध्ये, पाचव्या वर्षाच्या अखेरीला, मला कुठेही टाकता येते. तिला हवं तेवढं जगता येईल. ती जेवायला बसली की मला नुसतं वाढता येईल.

ती आता बाहेर ओट्यावर बसलीय, शेंगा सोलतेय आणि रस्त्याकडे बघतेय. तू हो म्हणालास की नाही हे कळायच्या आधीच. तिला आत चल म्हटलं तर येत नाही.

काही आणू नकोस. लवकर ये.

आईने आणखी जगावं अशी इच्छा पुन्हा मनापासून करायला तुझी वाट बघणारी,
तुझी धाकटी बहीण
मासिना